आईचं संमतिपत्र

डॉक्टरांनी निनाद आणि केतकीला पडद्यावर नमुना दाखवला. निनादच्या हजारो शुक्रपेशींपैकी एकीचीही शेपटी हलत नव्हती.

"जन्माआधी फुप्फुसांसाठी तुमचा जो जनुक बदलला, त्याचा हा परिणाम," त्या म्हणाल्या. "बदललेला जनुक असला, की प्रयोगशाळेत गर्भधारणा करायलाही कायद्याने बंदी आहे. तुमच्या आईंच्या संमतिपत्रात दोन्ही लिहिलंय."

घरी येताच निनादने आईला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"तुझा दादा श्वास कोंडून माझ्या मांडीवर गेला. मला फक्त तू जगायला हवा होतास."

"लग्नाआधी तरी सांगायचंस."

आई म्हणाली, "सांगितलं असतं, तर केतकीने होकार दिला नसता."

"दिला असता, आई," केतकी शांतपणे म्हणाली आणि माहेरी जायची बॅग भरायला आत गेली.