सगळ्यात वरची जागा

दहा वाजायच्या आतच यशोधनच्या ड्रायव्हिंग स्कूलची जाहिरात गायब झाली. त्याने लॅपटॉपवर पुन्हा 'ड्रायव्हिंग लेसन्स नॉटिंगहॅम' टाइप करून पाहिलं. सकाळी सगळ्यात वर त्याचं नाव होतं. आता तिथे अतुलचं होतं.

उन्हाळ्यापासून रोज हेच चाललं होतं. पूर्वी लोक टेलिफोनच्या जाडजूड पुस्तकात ड्रायव्हिंग स्कूल शोधायचे. आता जो तो सर्च इंजिनवर शोधत होता, आणि तिथला कायदा साधा होता. जाहिरातीवर कोणीही क्लिक केलं की यशोधनचे पैसे कापले जायचे, मग तो माणूस गाडी शिको न शिको. दिवसाची मर्यादा संपली की जाहिरात दुसऱ्या दिवसापर्यंत बंद, आणि खालचा आपोआप वर. क्लिक तर भरभरून येत होते. फोन मात्र मुका झाला होता. वैतागून त्याने दुसऱ्या एका सर्च इंजिनवर जाहिरात दिली. ती स्वस्त होती, पण तिकडे चिटपाखरूही फिरकलं नाही.

त्यापेक्षा वडिलांचा धंदा बरा, असं त्याला वाटायचं. सांगलीत त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. गिऱ्हाईक निदान डोळ्यांना दिसायचं. सकाळी कोणी आलंच नाही तर आई पदर खोचून माडीवरून खाली उतरायची आणि रोख पैसे देऊन स्वतःच एक पळी विकत घ्यायची. भवानी झाली की दिवस बरा जातो, म्हणे. घरात पळ्या ठेवायला जागा नव्हती. वडील हसायचे, पण पळी कागदात बांधून द्यायचे.

आई आता इथेच असायची. पूजा आटोपली की आतल्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसायची. दियाने, म्हणजे यशोधनच्या मुलीने, आजीला माउस धरायला शिकवलं होतं, तेव्हापासून तिचा कंटाळा पळाला होता. धंद्याचं रडगाणं यशोधनने तिच्या कानावर जाऊ दिलं नाही. म्हातारपणी तिच्या जिवाला घोर कशाला?

हे क्लिक कोणाचे, हे ओळखायला त्याला फार डोकं चालवावं लागलं नाही. आपण खाली गेलो की वर कोण येतं? अतुल. एके काळी दोघं एकाच डेपोत बस चालवत होते. इन्स्ट्रक्टरच्या परीक्षेला यशोधनने गाडी नेली तीही अतुलचीच. म्हणूनच ते जास्त झोंबलं. परक्याने केलं असतं तर शिवी घालून मोकळा झाला असता.

गणपतीत मंडळाच्या हॉलमध्ये अतुल हसत पुढे आला, तेव्हा यशोधनने हात मागे घेतला.

"माझ्या पोटावर पाय देऊन वर चढलास. लाज नाही वाटत?"

"यश, काय झालं? मी काय केलं ते तरी सांग."

"तुला चांगलं माहितीय."

अतुलची बायको रश्मी प्रसादाच्या वाट्या घेऊन उभीच राहिली. अतुल पार गेटपर्यंत मागे आला, काय केलं, काय केलं विचारत. यशोधनने काही क्लिकचा शब्द तोंडातून काढला नाही. चोराला त्याची चोरी काय सांगायची? त्यानंतर अतुलचे चार-पाच फोन आले. याने उचलले नाहीत. मग तेही थांबले.

नोव्हेंबरात सगळं संपलं. यशोधनने आदल्या संध्याकाळी जाहिरात कायमची बंद केली. सकाळी एक गोरा माणूस येऊन गाडी घेऊन गेला. छपरावरची 'एल'ची पाटी त्याला नको होती. ती हातात धरून यशोधन ड्राइव्हवे​वर उभा राहिला. आईला त्याने गाडी सर्व्हिसिंगला गेल्याचं सांगितलं होतं. सोमवारपासून पुन्हा बसचा डेपो. त्याला आत जावंसंच वाटेना. एवढ्या मोठ्या शहरात आपली बाजू ज्याला सांगावी असा एकच माणूस होता, आणि त्यानेच गळा कापला होता.

"बाबा, आजीला हेल्प कर ना," दिया दारातून ओरडली. "तिचा कॉम्प्युटर ब्रोकन झाला. ती खूप अपसेट आहे."

तो पाटी घेऊनच आत गेला. आई चष्मा सावरत स्क्रीनकडे बघत होती. टायपिंगच्या चौकोनात तिने एकेक अक्षर शोधून लिहिलं होतं, 'ड्रायव्हिंग लेसन्स नॉटिंगहॅम'.

"यशू, तुझं नाव कुठे गेलं रे? अतुलचंच दिसतंय. मग मी भवानी कशी करू?"

"भवानी?"

"अरे, पूजा झाली की रोज मी तुझ्या नावावर दाबते. एकटी मी किती दाबणार? म्हणून मंडळातल्या सगळ्याजणींना सांगून ठेवलंय, सकाळच्या चहाबरोबर एकदा यशूचं नाव दाबा. लेकराची भरभराट व्हायला हवी ना."

यशोधनने पाटी टेबलावर ठेवली. आईचं तिकडे लक्ष नव्हतं.

"सगळ्याजणींना?" त्याने कसंबसं विचारलं.

"सगळ्यांना. बाकीच्या कधीमधी विसरतात हो, पण रश्मी नाही. तुमचं एवढं भांडण झालं, तरी एक दिवस चुकली नाही पोर. कालच म्हणाली, 'काकू, अतुलच आठवण करून देतो मला, आधी यशची भवानी कर म्हणून.'"