दोरा सरू नये

"अहो, मी नसले तरी कुणाशीतरी मराठीत बोलत जा. नाहीतर जीभ गंजेल तुमची!" दवाखान्यातल्या खाटेवरून शोभना हसत म्हणाली होती.

तिच्यामागे नागेश बोलायचा, पण विमानाशी.

जर्मनीतल्या डार्मश्टाटबाहेरच्या एका शेडमध्ये दोन महायुद्धांच्या मधल्या काळातलं टेहळणीचं दुपंखी विमान होतं. पुढे वैमानिक, मागे टेहळ्या, आणि मागच्याचा आवाज पुढच्याच्या कानात नेणारी रबरी नळी. पुढच्याने उत्तर द्यायची सोयच नाही. कारखान्यातून निवृत्त झालेला नागेश दर शनिवारी तिथे पंखांचं कापड शिवायला जाई. बाकीचा आठवडा पुण्यातल्या लेकीला फोनवर "मजेत आहे गं" म्हणण्यात सरे.

सोबतीला म्हातारा क्र्युगर. जर्मन बोले, तेही मोजकं. "युद्धात इंग्रजांनी आम्हाला आईबापांसकट तारेच्या कुंपणात ठेवलं. तिथेच वाढलो," एवढंच एकदा म्हणाला होता. नागेशच्या डब्यातला कांदा मात्र बुक्कीने फोडी. माझं बघून शिकला, असं नागेशला वाटे.

नळी तपासायला क्र्युगर पुढे बसे. "बोल काहीही."

नागेश मनातलं सगळं मराठीत ओते. जर्मन कानाला ओवी काय नि गिअरबॉक्स काय! शोभना गोधडी शिवताना म्हणायची, तेही तो गाई:

टाक्यामागं टाका घालू, दोरा माझा सरू नये
दारी आल्या माणसानं उठून गं जाऊ नये

"ऐकू येतंय?"

"हो, हो. स्वच्छ," क्र्युगर मागे वळून जर्मनमध्ये म्हणे.

काम मात्र संपता संपेना. पंख पुरा होत आला, की कुठेतरी कापड फाटलेलं सापडे. "मार्डर," म्हणून क्र्युगर मान हलवी. मुंगसासारखं हे जनावर गावातल्या गाड्यांच्या वायरीही कुरतडायचं.

आज शेवटचा टाका पडला. सोमवारी विमान संग्रहालयात जाणार होतं. क्र्युगर पुढे बसला. नागेशने नळी तोंडाशी धरली.

"शोभना, झालं बघ. आता शनिवारी कुणाकडे जाऊ गं मी?"

मग म्हातारा कष्टाने खाली उतरला, पंखापाशी वाकला. कापड टर्रकन फाटल्याचा आवाज आला.

"क्र्युगर! अहो, हे काय?"

म्हातारा वळला. हातातला चाकू मिटत तो अस्सल सातारी मराठीत म्हणाला, "मार्डर न्हाई रं नागेश, दर बारीला मीच फाडत हुतो. त्ये तारंचं कुंपन साताऱ्यातच हुतं, तुझं समदं कळायचं मला. फुडल्या शनवारी ये... आन् येताना कांदा आन."