दोन रेघा

स्कूटरच्या इंजिनावरचं मॅग्नेटचं जड चाक निघून हातात आलं तशी मिस्त्रीने धाकट्या भावाला हाक मारली.

"इकडे ये. सील कसं बसवतात ते डोळे उघडे ठेवून बघ. चार वर्षं झाली हे इंजिन बांधून. टपालवाला रोज गाव पालथं घालतो याच्यावर, पण एकदा तरी तक्रार आली?"

"छे!" बाकावर चहा घेत बसलेला टपालवाला म्हणाला. तो नुसते मॅग्नेटमागचे, ठिणगी पाडणारे पॉइंट बदलून घ्यायला आला होता. "तुमच्याशिवाय कुणाला हात लावू देत नाही मी गाडीला."

मिस्त्री सुखावला. असं बोलणारं गिऱ्हाईक आठ महिन्यांत भेटलं नव्हतं. त्या आठ महिन्यांत त्याने बांधलेली तीन इंजिनं परत आली होती. तिन्हींचं दुखणं एकच. क्रँकच्या टोकाला हवा अडवणारं रबरी सील चिरलेलं, तिथून हवा आत शिरलेली, इंजिन तापून पिस्टन जागच्या जागी जाम. 'हल्लीचं रबरच भिकार,' असं त्याने तिघांनाही सांगितलं. दोघांनी ऐकून घेतलं. तिसऱ्याने गाडी ढकलत समोरच्या गॅरेजात नेली.

आठ महिन्यांपूर्वीच लेक गॅरेज सोडून दुसऱ्या गावी नोकरीला गेली होती. चौदा वर्षं ती इथे राबली. इंजिन खोलणं, धुणं, पिस्टन, क्लच, शेवटी मॅग्नेट चढवणं, सगळं तिच्याकडे. सीलला मात्र तिने हात लावायचा नाही. ते मिस्त्री स्वतः अंगठ्याने दाबून बसवायचा, बाहेरच्या तोंडावर सुईने दोन बारीक रेघा ओढायचा आणि मग घरी जेवायला जायचा. रेघा म्हणजे त्याची पहिल्यापासूनची सही. उद्या कुणी इंजिन उघडलं, तर काम कुणाच्या हातचं ते कळायला हवं.

लेकीला सील का वर्ज्य, त्याचं कारण भिंतीवर खिळ्याला टांगलेलं होतं. बारा वर्षांपूर्वी दूधवाल्याचं इंजिन भर रस्त्यात जाम झालं, मागचं चाक आवळलं गेलं आणि त्याचा उजवा खांदा कायमचा अधू झाला. इंजिन उघडलं तर सीलच्या आतल्या कडेला चीर होती. क्रँकच्या टोकाला मॅग्नेट अडकवणाऱ्या चावीची खाच असते, तिची धार पात्यासारखी. खाचेवर टेप गुंडाळून सील सरकवलं तर चिरत नाही. मिस्त्रीला टेप लागत नसे. टेप नवशिक्यांना, असं तो म्हणायचा. आणि गॅरेजात नवशिकी तेव्हा एकच होती.

"ते मी बसवलेलं नाही, बाबा," लेक म्हणाली होती. "उलटून तरी बघा."

"चुकायचं ते चुकायचं आणि वर मलाच शिकवायचं!"

चीर समोर दिसेल असं त्याने ते सील तिच्या टेबलासमोर टांगलं. तिने पुन्हा विषय काढला नाही. आठ महिन्यांपूर्वी एवढंच विचारलं, की बोर्डावर तुमच्या नावाखाली माझं नाव घालाल का. मिस्त्रीने नुसतं खिळ्याकडे बोट दाखवलं होतं. दुसऱ्या दिवशी ती गेली.

आता त्याने टपालवाल्याच्या इंजिनावरचं सील पेट्रोलच्या फडक्याने पुसलं.

"ही बघ कड. काल बसवल्यासारखी आहे की नाही? आणि या इथे माझ्या..."

तो थांबला. चष्मा पुसला. टॉर्च मागवली. सीलचं तोंड कोरं होतं.

"रेघा कुठायत, दादा?" भावाने विचारलं.

"पुसल्या असतील."

"सुईने कोरलेल्या? परत आलेल्या त्या तीन फाटक्या सीलांवर तर चांगल्या ठळक होत्या."

टपालवाल्याने कप खाली ठेवला. "तुम्ही जेवायला गेलात ना, की ताई ते बाहेरचं सील काढून नवं घालायची. टेप गुंडाळायची, ग्रीस लावायची, पाइपाचा तुकडा ठेवून हलकं हलकं ठोकायची. मी इथेच बसलेलो असायचो. मला वाटायचं, तुम्हीच सांगून जाता."

मिस्त्रीला सीलचा डबा आठवला. वर्षानुवर्षं तो वेळेआधी रिकामा व्हायचा. त्यावरून त्याने सामानवाल्याशी भांडण काढलं होतं. मुलांची शपथ घेऊन सांगणाऱ्या त्या माणसाला चारचौघांत खोटं पाडलं होतं. सुई इथेच खणात असायची. दोन रेघा ओढून लेकीला सगळं झाकता आलं असतं. तिने ओढल्या नव्हत्या.

त्याने टॉर्च टेबलावर आपटली.

"म्हणजे माझं काढून स्वतःचं घालत होती! बापाच्या पाठीमागे! कुणी सांगितलं होतं हिला?"

"जाऊ दे रे, दादा. पोरीने तुझं नाव राखलं."

"नाव राखलं? हिने? दूधवाल्याचा खांदा विसरलास? हे बघ, हा पुरावा!"

त्याने खिळ्यावरचं सील हिसकलं आणि भावाच्या तळहातावर आदळलं. ते उलटं पडलं. बारा वर्षं भिंतीकडे असलेली बाजू काळ्या चिकट थराने माखली होती. भावाने फडकं उचललं, ती सावकाश पुसली, आणि हात पुढे केला.

तिथे दोन बारीक रेघा होत्या.