डीनसाहेबांना हसवा

फलक लॉरेलनेच रंगवला होता आणि आता तो आपल्याच हाताने फाडून टाकावा असं तिला वाटू लागलं होतं. ‘डीनसाहेबांना हसवा!’

मैदानावर अर्धं कॉलेज लोटलं होतं. व्यासपीठावर डीन ओल्ब्रिख्ट दाढीआडून जगाकडे बघत बसले होते. डॉलर टाका, हसवून बघा. पैसे पक्षाघाताच्या रुग्णांना. विनोद झाले, नकला झाल्या. फुटबॉलचा कप्तान झालरीचा झगा घालून नाचला. डीनसाहेबांनी त्याला गुडघा जपायला सांगितलं.

लॉरेल सोरोरिटीची, म्हणजे एका घरात राहणाऱ्या मुलींच्या मंडळाची, अध्यक्ष. त्यांचं घर चालू ठेवायचं की कुलूप लावायचं, हे डीनसाहेब सोमवारी ठरवणार होते. “फिती, फुगे आणि क्रीम,” ते तिला म्हणाले होते. “तुमच्या या जागृतीने एकाचा तरी जीव वाचलाय का, मिस हास्किन्स?”

लॉरेलने मनातल्या मनात मोजलं: जीव, शून्य. फुगे मात्र पुष्कळ होते.

कष्टात पोरी कमी पडल्या नव्हत्या. पक्षाघात ओळखायचा तर हसून दाखवा, दोन्ही हात वर करा, एक वाक्य म्हणा. तोंड वाकडं झालं, हात खाली आला, जीभ अडखळली, की लगेच अ‍ॅम्ब्युलन्स! महिनाभर त्यांनी हे जो दिसेल त्याला पढवलं होतं. प्राध्यापक त्यांना बघून वाट बदलायचे. घर सांभाळणाऱ्या मिसेस हॉल्वर्सन, सगळ्या पोरींच्या ‘मॉम’, त्यासुद्धा कावल्या होत्या. “पोरींनो, आता मी झोपेतही हात वर करते गं!”

आज मिसेस हॉल्वर्सन तोंडावर मारायच्या, क्रीमने भरलेल्या थाळ्या घेऊन व्यासपीठाच्या कडेला उभ्या होत्या. त्यांच्या हातातून एक थाळी निसटली आणि फळ्यांवर क्रीमचा सडा पडला.

“मॉम, हाताला लोणी लावलंय का?” पोरींतली जिनी ओरडली.

“राहू दे, मार्था,” मिसेस हॉल्वर्सन लॉरेलला म्हणाल्या, “पुसते मी मग.”

मार्था मागे कधीतरी अध्यक्ष होती.

“सकाळीच शेरीचा पेला झाला वाटतं!” पोरी खिदळल्या. लॉरेलही हसली. बावीस पोरींची नावं कुणाच्या लक्षात राहणार?

शेवटची पाळी तिची होती. तिने थाळी उचलली. डीनसाहेबांच्या तोंडावर मारायची, घर जायचंच असेल तर वाजतगाजत जाऊ दे, असं ठरवून ती तरातरा निघाली. सांडलेल्या क्रीमवर तिचा बूट पडला, दोन्ही पाय वर गेले आणि थाळी तिच्याच तोंडावर येऊन बसली.

सगळे डीनसाहेबांकडे बघू लागले.

मग दाढी हलली.

“हसले! डीनसाहेब हसले!” मैदान दणाणलं. बँडवाल्यांनी विजयाची धून सुरू केली, टोप्या उडाल्या, झगेवाला कप्तान रडायला लागला.

लॉरेलने डोळ्यांवरचं क्रीम पुसलं आणि नीट बघितलं. हसू अर्धंच होतं. ओठांचा डावा कोपरा वर, उजवा जागच्या जागी.

“अ‍ॅम्ब्युलन्स!” ती किंचाळली. “जिनी, बोलाव! सर, दोन्ही हात वर करा!”

“मिस हास्किन्स...”

“हात!”

त्यांनी हात वर केले. दोन्ही सरळ.

“म्हणा, आकाश निळं आहे!”

“आकाश निळं आहे,” डीनसाहेब म्हणाले, “आणि मी ठणठणीत आहे. तोंडाची ही बाजू मी सात वर्षांचा असल्यापासून हलत नाही. म्हणून मी हसत नाही.”

सामन्यांसाठी फाटकापाशी उभी असलेली अ‍ॅम्ब्युलन्सची गाडी सायरन वाजवत गवतावरून आलीसुद्धा. लोक पोट धरून हसत होते. नाकाच्या शेंड्यावरून क्रीम ठिबकत असताना लॉरेलला सोमवार स्पष्ट दिसला.

“चुकलं, सर. मी त्यांना परत पाठवते.”

डीनसाहेबांचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. ते तिच्या खांद्यावरून व्यासपीठाच्या कडेला बघत होते. तिथे मिसेस हॉल्वर्सन कौतुकाने टाळ्या वाजवत होत्या, उजव्या हाताने, स्वतःच्या मांडीवर; डावा हात नुसताच लोंबत होता.

“गाडी थांबवा,” खुर्चीतून उठत ते म्हणाले, “आणि मिसेस हॉल्वर्सनना दोन्ही हात वर करायला सांगा.”