फ्रिजमधली जागा

ऑपरेशन झालेल्या नवऱ्यासाठी, उद्या इस्पितळात न्यायला, निल्दाने घरची शेवटची कोंबडी कापून सूप केलं. लाइट होती तोवर सूप गरम होतं. ते परातीत पसरून, परात गार पाण्यात ठेवून निववेपर्यंत लाइट गेली. आता ती उद्याच येणार.

सूप डब्यात भरून ती गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या ओदालिसकडे धावली. ओदालिसचं घर इस्पितळाच्याच विजेच्या लाइनवर. होल्गिन शहरभर अंधार झाला तरी तिथली लाइट जात नाही, म्हणून गल्लीतले सगळेच आपापल्या आजाऱ्याचं सूप तिच्या फ्रिजमध्ये ठेवतात.

"अगं बाई, इथे आता लिंबूसुद्धा मावणार नाही. माझं स्वतःचं दूध बाहेर काढलंय, बघ!"

"बाहेर राहिलं तर सकाळपर्यंत नासेल गं. दुसरं काहीच नाहीये घरात."

"मग सांग, कुणाचा डबा काढू? हा बाळंतिणीचा. हा पाय मोडलेल्या पोराचा. हा मिरेयाच्या नवऱ्याचा. लवकर बोल, गारवा चाललाय सगळा."

निल्दाने मान खाली घातली. "मिरेया गरीब आहे स्वभावाने," ती पुटपुटली. "ती काही बोलणार नाही."

तेवढ्यात मिरेयाच दारात आली, इस्पितळातून थेट. कुणाकडेही न बघता ती फ्रिजपाशी गेली, आपला डबा तिने बाहेर काढला आणि निल्दापुढे हात केला.



"आण तुझा इकडे. आमच्या माणसाला आता नको."