गुरुवारच्या बांगड्या

"बांगड्या काढून ठेव आंधी, मंगच हात घाल. काच नाही हे, अ‍ॅक्रिलिक हाय. एक चरा पडला तं जन्मभर दिसते."

देवरावांचा आवाज कौसल्येच्या कानात होता आणि समोर अंगणात पाटा मांडलेला होता. पाट्यावर वरवंटा. आज देवरावांचा दहावा. पुरुष मंडळी नदीवर गेली होती. बाया तिच्याभोवती गोल करून बसल्या होत्या, तिच्या बांगड्या फुटायची वाट पाहत. दोन्ही हातांत सहा-सहा होत्या, हिरव्या काचेच्या.

देवराव दिग्रसच्या एका लहान मुलांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. तिथे बसायच्या खोलीत माशांची मोठी टाकी होती. आधीची काचेची एका पोराने पाण्याची बाटली मारून फोडली, म्हणून ही अ‍ॅक्रिलिकची आणली. सुईच्या धाकाने रडणारी पोरं तिच्यापुढे उभी राहिली की गप्प होत. गुरुवारी दुपारी दवाखाना बंद असे, तेव्हा देवराव ती पुसत. मागच्या वर्षी त्यांना दम लागू लागला. हात वर उचलेना. मग ते खुर्चीवर बसले आणि कौसल्येला शिकवू लागले. घासणी नाही, ब्लेड नाही, साबण तर मुळीच नाही. जुन्या धोतराचा मऊ तुकडा पाण्यात भिजवायचा आणि वरून खाली सरळ ओढायचा, गोल फिरवायचा नाही. तळाच्या वाळूला लागला की तो तुकडा बाजूला टाकायचा. वाळूचा एक कणही पुरे होतो.

सगळं तिला जमलं. बांगड्या मात्र काढवेनात. सकाळी तुळशीला पाणी, सोमवारचा उपास, गुरुवारची पोथी, हे नेम तिने कधी चुकवले नव्हते. सवाष्णीने भुंडे हात ठेवू नयेत, हेही त्यातलंच. एका गुरुवारी देवरावांची नजर चुकवून तिने तसाच हात टाकीत घातला. उजव्या कोपऱ्यात केसाएवढा चरा पडला.

देवराव रागावले नाहीत. चऱ्यावरून बोट फिरवत म्हणाले, हा बांगडीनं नाही पाडला, तुह्या भेवानं पाडला. मग त्यांनी तळहात पुढे केला.

"ह्या हातात दे. खाली ठेवणार नाही मी. काम झालं का परत घालजो. मी असलो काय, नसलो काय, काढल्या तं परत घालजो."

तिने मान हलवली. घरी येऊन देवापुढे दिवा लावला आणि आपल्या नेमांत हाही एक धरला. त्या दिवसापासून दर गुरुवारी टाकी पुसून होईपर्यंत बाराही बांगड्या देवरावांच्या तळहातावर असत. खुर्चीत डोळा लागला तरी मूठ सुटत नसे.

आजही गुरुवारच होता. मागचा गुरुवार सुतकात गेला होता. सकाळीच दवाखान्यातल्या वर्षा नर्सचा फोन आला होता. शेवाळाने टाकी हिरवी झाली आहे, मासे दिसत नाहीत, पोरं ऐकत नाहीत. मी पुसू का घासणीने, असं ती विचारत होती. कौसल्या म्हणाली होती, हात लावू नको.

"हात दे पोरी," तानाबाई म्हणाल्या. त्या देवरावांच्या काकू. बोलणं कठोर नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या मनगटातल्या बांगड्या फुटून तीस वर्षं झाली होती. "साऱ्याईलेच करा लागते हे."

कौसल्येने हात पदरात घेतले. शेजारची संगीता कुजबुजली, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू, की एवढ्या पोथ्या वाचते अन् रीत मालूम नाही काय हिले.

"फोडायच्या नाहीत," कौसल्या म्हणाली. "मी काढते."

तिने लोट्यातलं पाणी हातावर घेतलं. अंगठा तळहातात मुडपला आणि एकेक बांगडी उतरवली. वर्षभराची सवय होती. एकही तडकली नाही, एकीचाही आवाज झाला नाही. बाया बघत राहिल्या. मग त्यांनी सुस्कारा सोडला. फुटल्या काय, उतरल्या काय, हात तर भुंडे झाले. संगीताने वरवंटा बाजूला सरकवला. कोणीतरी रडायला सुरुवात केली.

कौसल्येने बाराही बांगड्या तानाबाईंच्या तळहातावर ठेवल्या आणि त्यांची बोटं एकेक करून मिटवली. मग ती घरात गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात धुऊन घडी केलेला धोतराचा तुकडा होता. तिने पायात चपला सरकवल्या.

"कुठी चालली व?" तानाबाईंनी विचारलं.

"दवाखान्यात. आज गुरुवार आहे ना, काकू." तिचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. "टाकी पुसून येते. तोवर त्या खाली ठेवू नका. आल्यावर घालायच्या आहेत मला. नेम आहे माझा."

रडणं थांबलं. संगीता उठली आणि मूठ उघडायला तिने हात पुढे केला. तानाबाईंनी मूठ पदराखाली घेतली.

"लवकर ये," त्या म्हणाल्या.

कौसल्येने फाटक ओढून घेतलं आणि ती दवाखान्याच्या रस्त्याला लागली.