बेकरीवाल्या दादाचं वजन

धाकट्या बहिणीच्या किडन्या निकामी झाल्या. बेकरीवाला दादा म्हणाला, "माझी एक घ्या." "आधी वजन उतरवा," डॉक्टर त्याच्या पोटाकडे बघत म्हणाले. दर आठवड्याला दादा डोळे मिटून भूक मारणारं इंजेक्शन घ्यायचा, दिवसभर केक भाजून मुकाट्याने उकडलेल्या भाज्या खायचा आणि संध्याकाळी धापा टाकत मैदानाला फेऱ्या मारायचा. धाकटी बाकावरून ओरडायची, "पाय उचल, दादा. कासव पुढे गेलं." वर्षभराने तपासण्या झाल्या आणि डॉक्टर म्हणाले, "आता चालेल." बाहेर येऊन धाकटी बाकावर बसली. "तुला काही झालं तर? अजून विचार कर." "वर्षभर विचारच करत होतो," दादा शेजारी बसत म्हणाला. "केकचा." तिला हसू आलं, मग रडू. तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. "हाड टोचतंय रे," ती म्हणाली, आणि डोकं तिथंच राहू दिलं.